मैदान आधी कागदावरून जातं

मुंबई महानगरपालिकेवर पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका नगरसेविकेने विचारलं आहे: “माझा प्रभाग पूर्व उपनगरात आहे. लोक मला तीन जागा पुन्हा पुन्हा दाखवतात. एक खासगी जागा, जिच्यावर उद्यानाचं आरक्षण आहे, पण तिथे गवत आणि डेब्रिजखेरीज काही नाही. दुसरं, दुरुस्तीसाठी म्हणून बंद केलेलं पालिकेचं प्रसूतिगृह. तिसरं, एका संस्थेकडे सांभाळायला दिलेलं खेळाचं मैदान. नगरसेविका म्हणून मला खरंच काय करता येईल? सुरुवात कुठून करू?”

तुमच्या तिन्ही जागा न बघताही माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या, कारण माझ्या प्रभागातही अशाच होत्या. २००७ ते २०१७ अशी दहा वर्षं मी पूर्व उपनगरातूनच सभागृहात होते. नंतर निवडणूक लढवली नाही, पण लोकांना हरकती-सूचना लिहून देणं, नकाशे वाचून दाखवणं, सुनावणीला सोबत जाणं सोडलेलं नाही. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. मुंबईतली मोकळी जागा जेसीबी येतो त्या दिवशी जात नाही. ती त्याच्या कितीतरी आधी एखाद्या फायलीत गेलेली असते, आणि आपल्यापैकी कुणी ती फाईल उघडून बघितलेली नसते.

म्हणून सुरुवात त्या ओसाड खासगी जागेपासून करा. प्रसूतिगृहासाठी बायका तुमच्या दारात येतील, मैदानासाठी पोरं येतील. त्या जागेसाठी कुणीही येणार नाही. पण तिघांपैकी मुदत फक्त तिचीच संपत चालली आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, म्हणजे आपण ज्याला एमआरटीपी म्हणतो, त्याचं कलम १२७ छापून घ्या आणि पर्समध्ये ठेवा. विकास आराखडा, म्हणजे शहरातली कुठली जागा कशासाठी हे ठरवणारा नकाशा, अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन पालिकेने घेतली नाही, तर मालक पालिकेला खरेदी सूचना देऊ शकतो. ही परचेस नोटीस पोचल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची खरी पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मग शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते तिथेही बांधता येतं. आता हिशेब करा. आपला सध्याचा आराखडा, विकास आराखडा २०३४, अमलात आला २०१८ मध्ये. दहा वर्षं पुरी होतात २०२८ मध्ये, म्हणजे तुमच्याच कारकिर्दीत. त्या साली आणि त्याच्यापुढे मुंबईभर खरेदी सूचना येतील, आणि त्यातली एक तुमच्या प्रभागाची असेल असं धरूनच चाला.

माझ्या प्रभागातली गोष्ट सांगते. २०१३ सालची. उद्यानाचं आरक्षण असलेली जागा होती, एका अंगाला चाळी, दुसऱ्या अंगाला नाला. मालकाच्या वकिलाने खरेदी सूचना दिली. तेव्हा मुदत एक वर्षाची होती, २४ महिने झाले ते २०१५ च्या दुरुस्तीने. ती सूचना एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली, अभिप्रायासाठी तिसरीकडे गेली, आणि मला कळलं तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते. मी धावपळ केली, प्रस्ताव पालिकेच्या जमिनींचे व्यवहार बघणाऱ्या सुधार समितीत आला, सभागृहाने मंजूर केला. चाळीतल्या लोकांनी त्या संध्याकाळी मला नारळ दिला. पण सभागृहाचा ठराव म्हणजे संपादन नव्हे. गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं होतं की नुसता ठराव करून किंवा पत्र पाठवून पाऊल उचललं असं होत नाही, संपादन प्रत्यक्ष मार्गी लागलं पाहिजे. ते आमच्याकडे वेळेत झालं नाही. आरक्षण गेलं. आज तिथे इमारत आहे आणि चाळीतली मुलं दोन इमारतींमधल्या बोळात खेळतात. मी सुधार समितीवर नव्हते, पण तिची कार्यक्रमपत्रिका मागून वाचायला मला कुणी अडवलं नव्हतं. खात्यांनी वेळ घालवला हे खरं, पण मीही विचारलं नव्हतं. हे मला अजून लागतं, म्हणूनच तुम्हाला एवढं लांबण लावून सांगते आहे.

तेव्हा पहिलं पत्र विकास नियोजन खात्याच्या प्रमुख अभियंत्यांना लिहा. माझ्या प्रभागातली सगळी आरक्षणं कोणती, त्यांतली संपादित किती, खरेदी सूचना कोणकोणत्या जागेवर आल्या आणि कोणत्या तारखेला, हे लेखी मागा. दर तीन महिन्यांनी तेच पत्र पुन्हा द्या. सुधार समितीची कार्यक्रमपत्रिका प्रत्येक सभेआधी वाचा, समितीवर असा किंवा नसा. सूचना आली असेलच, तर ठरावावर थांबू नका. संपादनाचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे गेल्याची पोच हातात येईपर्यंत पाठपुरावा करा, आणि पुढे त्या कार्यालयातही फेऱ्या मारा.

पालिकेला जमीन तीन तऱ्हांनी घेता येते: मालकाशी करार करून पैसे देऊन, पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन, किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली. मुंबईतल्या भावाने रोख मोबदला अतिशय जड जातो, त्यामुळे मालक टीडीआरला तयार झाला तर तो मार्ग सर्वांत लवकर संपतो. इथे नगरसेवकाचा खरा उपयोग होतो. मालक दर वेळी बिल्डरच असतो असं नाही. पुष्कळदा चार भावंडांची वडिलोपार्जित जमीन असते, कर भरून ते कंटाळलेले असतात, आणि पालिकेतून कुणी त्यांच्याशी धड बोललेलंच नसतं. त्यांना भेटा. त्यांना आणि खात्याच्या अभियंत्याला एका टेबलाशी बसवा. मी पुढच्या एका जागेबाबत हे केलं आणि दीड वर्षात ताबा मिळाला.

जागेवर झोपड्या असतील तर गणित बदलतं. विकास नियंत्रण नियमावली २०३४ प्रमाणे, अतिक्रमण झालेल्या ५०० चौरस मीटरहून मोठ्या आरक्षित मोकळ्या जागेवर झोपडपट्टी पुनर्वसन योजना करता येते, मात्र निदान ३५ टक्के जागा मोकळी राहिली पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ही तरतूद कायम ठेवली. तुमचं काम त्या ३५ टक्क्यांवर नजर ठेवण्याचं. ते जमिनीवर, सलग आणि रस्त्यालगत हवेत. तीन कोपऱ्यांत वाटलेल्या पट्ट्या करून ३५ टक्के भरवले तर तिथे लगोरीसुद्धा खेळता येणार नाही. आणि कृपा करून झोपडीतल्या माणसाला मैदानाचा शत्रू ठरवू नका. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला मैदानाची गरज सर्वांत जास्त असते.

आता यादीबद्दल. निवडून आले तेव्हा माझी समजूत होती की प्रभाग मला पाठ आहे. नकाशा घेऊन फिरले तेव्हा कळलं की पालिकेच्या निम्म्याअधिक जागा मला ठाऊकच नव्हत्या. तुम्ही विकास आराखड्याचं तुमच्या भागाचं पान घ्या. त्यावर प्रत्येक जागेला एक संकेत असतो. ‘ई’ने सुरू होणारा म्हणजे सुविधा आधीपासून अस्तित्वात आहे, ‘आर’ने सुरू होणारा म्हणजे नुसतं आरक्षण आहे. सिटी सर्व्हे क्रमांकावरून डीपी रिमार्क, म्हणजे त्या जागेबद्दल आराखडा काय सांगतो त्याचा दाखला, काढा, मालकीची नोंद असलेलं मालमत्ता पत्रक काढा. जमीन पालिकेची, जिल्हाधिकाऱ्यांची, म्हाडाची, रेल्वेची की खासगी, हे कळल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं तेच कळत नाही. मग एक वही करा. प्रत्येक जागेला एक पान, वर जुना फोटो, खाली तारखा. माझी वही आज माझ्यानंतरच्या नगरसेवकाकडे आहे.

प्रसूतिगृहाकडे येते. ‘दुरुस्तीसाठी बंद’ असा फलक लावून मुंबईत दवाखाने, शाळा, व्यायामशाळा, अभ्यासिका वर्षानुवर्षं बंद राहतात. सर्वांत आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा आणि इमारत कोणत्या वर्गात टाकली आहे ते बघा. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ आणि सी-२ब म्हणजे मोठी दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पुष्कळदा इमारत सी-२ ब असते, म्हणजे ती रिकामी करायचीही गरज नसते, तरी कुलूप लागलेलं असतं. दोन अहवाल परस्परविरोधी असतील तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीपुढे नेता येतं.

इमारतीपेक्षाही माणसांची काळजी जास्त करा. प्रसूतिगृह बंद झालं की परिचारिका, आया, डॉक्टर यांची पदं दुसरीकडे वर्ग होतात, सोनोग्राफीचं मशीन जातं, पाळणेही जातात. मग पाच वर्षांनी इमारत उभी राहिली तरी आत कुणी नसतं आणि खातं सांगतं, कर्मचारी नाहीत. ती पदं त्याच प्रसूतिगृहाच्या नावावर मंजूर राहतील, बदली तात्पुरती असेल, हे आजच लेखी घ्या. अर्थसंकल्पात ‘प्रसूतिगृहांची दुरुस्ती’ अशी मोघम तरतूद पुरत नाही, तुमच्या प्रसूतिगृहाच्या नावाने रक्कम हवी. आणि तोवर गरोदर बायकांची तपासणी नि बाळांचं लसीकरण जवळच्याच पालिका शाळेत किंवा कल्याण केंद्रात सुरू करा. सेवा एकदा त्या वस्तीतून उठली की लोकांची सवय मोडते, आणि मग ‘इथे आता पेशंटच नाहीत’ असं म्हणून जागा दुसऱ्या कामाला द्यायला वाट मोकळी होते.

आमच्याकडे एक दवाखाना असाच बंद झाला होता. मी चार पत्रं दिली, उत्तर आलं नाही. मग वस्तीतल्या बायकांनी शाळेची दोनशे पानी वही घेतली. कोण, कुठल्या चाळीतली, काय दुखत होतं, कुठल्या रुग्णालयात जावं लागलं, रिक्षाला किती गेले, कामाचा खाडा झाला का. तीन महिने त्या लिहीत होत्या. दोघीतिघींनाच लिहिता येत होतं, बाकीच्या सांगायच्या. मी प्रभाग समितीच्या सभेत भाषण केलं नाही, त्या वहीतली सहा पानं वाचली. महिन्याभरात शाळेच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या दवाखान्याला मिळाल्या. नवी इमारत व्हायला पुढे बराच काळ गेला, पण दवाखाना वस्तीत राहिला.

तुम्हाला कुणी असंही सुचवेल की ही जागा पुनर्विकासाला द्या, बिल्डर प्रसूतिगृह बांधून देईल, वरचे मजले त्याचे. लगेच नाही म्हणू नका, पण लगेच होही म्हणू नका. क्षेत्रफळ पूर्वीपेक्षा कमी होत नाही ना, प्रवेश मुख्य रस्त्यावरून आणि वेगळा आहे ना, रुग्णवाहिका दारापर्यंत येते का, तळमजला कुणाला, हे नकाशावर बोट ठेवून विचारा. जागेचा वापरच बदलायचा असेल तर एमआरटीपीच्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात फेरबदल करावा लागतो. त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत येते आणि हरकतींसाठी एक महिना असतो. ती सूचना कोपऱ्यात बारीक टायपात छापलेली असते. घरातल्या कुणाला तरी रोज वर्तमानपत्राचं ते पान बघायचं काम द्या.

मैदानाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्या महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता, तिला मैदानावर एक पहारेकरी आणि पाण्याचा नळ ठेवणं परवडत नाही हे मला पटत नाही. मोकळ्या जागा संस्थांना दत्तक देण्याचं धोरण जानेवारी २०१६ मध्ये सभागृहात मंजूर झालं तेव्हा मी विरोधात बोलले होते. मुंबईभर नागरिकांनी आवाज उठवला, मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली, आणि संस्थांकडच्या दोनशेहून अधिक जागा परत घ्यायचं ठरलं. २०२३ मध्ये नवा मसुदा आला, तेव्हाही लोक उभे राहिले. काही संस्थांनी खरोखर जीव लावून बागा राखल्या आहेत, त्यांचं मोल मी नाकारत नाही. पण अशा संस्था थोड्या.

तुमच्या मैदानाची परीक्षा सोपी आहे. एखाद्या बुधवारी दुपारी चार वाजता, गाडी आणि कार्यकर्ते न घेता, वस्तीतल्या दोन मुलांना बॅट घेऊन फाटकापाशी पाठवा आणि तुम्ही लांब उभ्या राहा. त्यांना आत सोडलं तर संस्थेशी गोडीने बोलता येईल. पहारेकऱ्याने सदस्यत्वाचं कार्ड मागितलं, तर तिथेच उत्तर मिळालं. मग मालमत्ता आणि उद्यान खात्याकडून कराराची प्रत मागा. मुदत कधी संपली, प्रवेशशुल्काला परवानगी होती का, नियमात बसतं त्यापलीकडे बांधकाम झालं आहे का. बहुतेक वेळा करार कधीच संपलेला असतो.

परत घेताना मात्र एक चूक टाळा, जी मी अनेक ठिकाणी बघितली. ज्या दिवशी ताबा मिळेल त्याच दिवशी उद्यान खात्याचा कंत्राटदार, पहारेकरी, दिवे, झाडूवाला तयार पाहिजे. नाहीतर दोन महिन्यांत तिथे डेब्रिज पडतं, रात्री दारूच्या बाटल्या येतात, आणि आजूबाजूचे लोकच म्हणतात, ‘संस्था होती तेव्हा बरं होतं.’ मग तुमच्या बाजूने बोलायला कुणी उरत नाही.

आणि मैदान हातात आल्यावर त्याची बाग करू नका. मी केली होती. पहिल्या कारकिर्दीत नगरसेवक निधीतून मैदानाच्या कडेने पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, मध्ये लॉन, बाकं, एक शेड. सकाळी फिरणारी ज्येष्ठ मंडळी खूश झाली. पण कबड्डीचा संघ, जो तिथे रोज संध्याकाळी मातीवर सराव करायचा, तो गेला. लॉनवर चेंडू खेळायला मनाई झाली. मुलांनी माझ्याकडे तक्रारही केली नाही, ती नुसती यायची थांबली. आराखड्यात खेळाचं मैदान आणि उद्यान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खेळाच्या मैदानाला मातीच हवी. आज पालिकेत कुणी मैदानावर फरशी घालायला निघालं की मी त्याला हेच सांगते. उत्सवांचा मंडप, लग्नाचे मांडव यांनाही एमआरटीपीच्या कलम ३७-अ खाली ठरावीक दिवसच परवानगी देता येते. बांबूंचे खड्डे कोण बुजवणार हे परवानगीच्या कागदावरच लिहून घ्या, नाहीतर दिवाळीपर्यंत मुलांचे पाय मुरगळत राहतात.

शिवाजी पार्कला शिवाजी पार्क म्हणतात ते एका नगरसेविकेमुळे. पालिकेने १९२५ मध्ये ते खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये ते बदललं. सभागृहात एकट्या पडल्यासारखं वाटलं की मला त्यांची आठवण व्हायची. बाईने मांडलेली सूचना शंभर वर्षं टिकू शकते.

झाडांचं थोडक्यात सांगते. झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस लागते आणि हरकतीला सात दिवस असतात. सात दिवस फार थोडे. प्रभागातल्या चार शाळकरी मुलांना आणि दोन पेपरवाल्यांना सांगून ठेवा की खोडावर कागद चिकटवलेला दिसला की लगेच फोटो पाठवा. पन्नास वर्षांहून जुनी झाडं २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष ठरतात, ती वेगळी नोंदवा. आरे कॉलनीत मेट्रोच्या कारशेडसाठी काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. परवानगी ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस मिळाली, ४ ऑक्टोबरच्या रात्री तोड सुरू झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली तोवर दोन हजारांवर झाडं पडलेली होती.

सोसायट्यांच्या पुनर्विकासात लेआउटमधली मोकळी जागा पोडियमवर, म्हणजे गाड्यांच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, चढवायचा प्रयत्न होतो. नियमाने लागणारी किमान जागा जमिनीवरच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कोहिनूर प्रकरणात सांगितलं आहे. रहिवाशांनी विचारलं तर हा निकाल दाखवा, तेवढ्याने पुष्कळ काम होतं.

सभागृहात आपल्याकडे साधनं थोडी, पण आहेत. प्रश्न विचारण्याचा हक्क मुंबई महानगरपालिका अधिनियमातच आहे, आणि प्रशासनाला त्याचं लेखी उत्तर द्यावं लागतं. ठरावाची सूचना मंजूर झाली तरी तिचं पुढे काय झालं हे आयुक्तांच्या अभिप्रायातून कळतं, तो अभिप्राय मागवायला विसरू नका. मार्च २०२२ नंतर मोठा काळ सभागृहच नव्हतं, प्रशासकच सगळं बघत होते. त्या काळात तुमच्या प्रभागातल्या जागांविषयी कोणते निर्णय झाले, कोणाला काय दिलं, कोणते करार वाढवले, याची यादी पहिल्या महिन्यातच मागा. विकास आराखडा २०३४ च्या तयारीत झालेल्या पाहणीत एका मुंबईकराच्या वाट्याला सव्वा चौरस मीटरच्या आसपास मोकळी जागा निघाली होती. तेवढ्यात एक सतरंजीसुद्धा नीट पसरत नाही. त्यामुळे कुठलाही तुकडा लहान म्हणून सोडू नका.

त्या खासगी जागेचा सिटी सर्व्हे क्रमांक आणि मालमत्ता पत्रक मिळालं की मला पाठवा. खरेदी सूचना आली आहे का, हे विचारणाऱ्या पत्राचा मसुदा मी लिहून देते. ते पत्र याच आठवड्यात विकास नियोजन खात्याच्या आवक शिक्क्यानिशी जायला हवं.